नेल्ला फाब्रीचे अकरा सेकंद

अश्विनी वाक्य विसरली नव्हती.

एवढं लिहायला मला सहा वर्षं लागली. मधल्या काळात हा विषय मी टाळत आलो. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारायचं, "काका, तुमच्या त्या इटालियन गावातल्या नाटकात एक नागपूरची मुलगी होती ना, तिचं काय झालं?" मी सांगायचो, हो, छान काम करायची, मग तिला ऑफिसचं काम वाढलं. यातलं पहिलं खरं आहे. दुसरं खोटं आहे, आणि ते मी पसरवलं. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर. मी गेल्यावर मी पसरवलेलंच खरं धरलं जाईल, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी काम काय होतं ते सांगायला हवं.

मी अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला एका इन्शुरन्स कंपनीत आयटी प्रोजेक्ट मॅनेजर होतो. घर कोलंबसच्या डब्लिन उपनगरात. रिटायर झालो आणि दोन महिन्यांत सुलभाने, म्हणजे बायकोने, स्पष्ट सांगितलं की तिच्या स्वयंपाकाचं रोज सकाळी स्टेटस विचारणं बंद करा. बाहेर काहीतरी शोधा. पुण्यात कॉलेजात असताना मी एकांकिकांचं बॅकस्टेज केलं होतं. तेवढ्या भांडवलावर मला पिएत्रा हिलमध्ये स्टेज मॅनेजरचं काम मिळालं.

पिएत्रा हिल हे डब्लिनपासून दीड तासावरचं छोटं गाव. शंभरेक वर्षांपूर्वी इटलीच्या डोंगराळ भागातून आलेल्या पाथरवटांनी ते वसवलं. चहूबाजूंना ओहायोचा मका आणि मधेच एक चढाचा रस्ता. दोन्ही बाजूंना त्यांनी स्वतः काढलेल्या पिवळट दगडाची घरं, वर चर्च, चर्चच्या मागे सगळ्या गावाची मिळून एक पावाची भट्टी. दगडाची खाण कधीच बंद पडली, आता तिथे पाणी साचलेलं आहे. गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीने दर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवारी "स्टोरी वॉक" सुरू केला होता. म्हणजे प्रेक्षक बसत नाहीत, चालतात. पंचवीस जणांचा गट रस्ता चढत जातो. सात ठिकाणी थांबतो. त्या प्रत्येक जागेला आम्ही "स्टॉप" म्हणायचो. प्रत्येक स्टॉपला एक कलाकार त्या काळच्या कपड्यांत दारातून बाहेर येतो आणि त्या घरातल्या खऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. मग गट पुढे जातो.

थिएटरमध्ये स्टेज मॅनेजर विंगेत उभा असतो. आमच्याकडे विंग नव्हती. मी हातात वॉकीटॉकी आणि गळ्यात स्टॉपवॉच घालून रस्त्यावर वरखाली करायचो. कॉलेजात माझे गुडघे बरे होते.

डिरेक्टर होती कॅरोल, शाळेतून रिटायर झालेली ड्रामा टीचर. गावातल्या म्हाताऱ्या लोकांच्या मुलाखती घेऊन स्क्रिप्ट बनवायची, अशी तिची पद्धत. तिसऱ्या सीझनला तिने मुलाखतींचं काम मला दिलं. तुला प्रश्न विचारायची सवय आहे आणि उत्तर मिळेपर्यंत तू उठत नाहीस, असं तिचं म्हणणं होतं. अशा रीतीने मी तेरेसाकडे गेलो.

तेरेसा एक्क्याण्णव वर्षांची होती. शेजारच्या मोठ्या गावात असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे वृद्धांसाठीच्या निवासात राहायची. मी टेप रेकॉर्डर आणि वही काढली तशी तिने मला "प्रोफेसर" म्हणायला सुरुवात केली. मी प्रोफेसर नाही हे तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सोडून दिलं. चार दुपारी मी तिच्याकडे बसलो. ती पिझेले काढून ठेवायची. ही बडीशेपेच्या वासाची पातळ, नक्षीदार, कुरकुरीत बिस्किटं. मी एकदा सुलभाने केलेला चिवडा नेला. तिने शेंगदाणे आधी वेचून खाल्ले आणि मग बाकीच्याला नावं ठेवली.

तिने आईची गोष्ट सांगितली. गावात दोन बहिणी होत्या. थोरली असुंता खाणावळ चालवायची. चौदा पाथरवट तिच्याकडे राहायला आणि जेवायला. धाकटी नेल्ला त्या सगळ्यांचे कपडे धुवायची. ही नेल्ला म्हणजे तेरेसाची आई. दगड कापताना उडणारी भुकटी पाथरवटांच्या छातीत बसायची. माणूस खोकायला लागला की रुमालात रक्त यायचं. तो ते बायकोपासून लपवायचा, मुकादमापासून लपवायचा. पण रुमाल धुवायला नेल्लाकडेच यायचा. कुणाची छाती गेली आहे हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं. ती ते रुमाल वेगळे उकळायची आणि कुणाला काही बोलायची नाही. एका हिवाळ्यात अशा रुमालांची संख्या फार वाढली. तेव्हा एका सोमवारी तिने ते न धुता उचलले, कंपनीच्या ऑफिससमोर दोरी बांधली आणि सगळे दोरीवर टाकले. लाल डागांसकट. बाहेर आलेल्या साहेबाला एक शब्द बोलली नाही. दिवसभर तिथे उभी राहिली. त्यानंतर दगड कापायच्या शेडमध्ये धूळ दाबायला पाणी मारायची सोय झाली.

असुंताची खाणावळ अजून उभी आहे, दारावर तिच्या नावाची पाटी आहे. नेल्लाची धुण्याची शेड पडून गेली, पायाचे चार दगड राहिले. कबरीवरच्या दगडावर नवऱ्याचं नाव आहे आणि त्याखाली "आणि पत्नी."

आमच्याकडची एक मुलगी ही गोष्ट सांगणार, हे मी तिला सांगितलं होतं. चौथ्या दुपारी निघताना तेरेसाने माझा हात धरला.

"प्रोफेसर, तुमची ती मुलगी रस्त्यात उभी राहून माझ्या आईचं नाव घेईल?"

मी म्हटलं, घेईल.

"पूर्ण नाव. नेल्ला फाब्री. मोठ्याने. माझं ऐकू येणं कमी झालंय."

मी म्हटलं, माझा शब्द.

दोन्ही बहिणींची गोष्ट स्टॉप नंबर चारला, खाणावळीच्या दारात, असं ठरलं. कलाकार एकच, अश्विनी. शाल डोक्यावरून घेतली की असुंता, कमरेला बांधली की नेल्ला.

अश्विनी मूळची नागपूरची. एका बँकेत डेटा अ‍ॅनालिस्ट. एप्रिलमध्ये कोलंबसला आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात तिने एकपात्री केलं होतं, तिथे मी तिला पाहिलं आणि कॅरोलला सांगितलं. H-1B व्हिसावर असल्यामुळे तिला मानधन घेता येत नव्हतं, ती व्हॉलंटियर म्हणून यायची. भारतीय मुलगी इटालियन बाई कशी होणार, असं सोसायटीच्या एका सभासदाने विचारलं होतं. तेरेसाने आईचा फोटो मला दिला होता. तो मी त्याला दाखवला. उन्हात धुणी वाळत घालून काळवंडलेली बाई. त्याने पुन्हा विचारलं नाही.

आम्ही डब्लिनहून एकाच गाडीने जायचो. जाताना दीड तास ती तेरेसाच्या टेप ऐकायची. मागे-पुढे करून, तेच तेच. एकदा टेप थांबवून म्हणाली, "काका, माझ्या आजीचा एकच फोटो आहे आमच्याकडे. बिडी कारखान्याच्या बाहेर चाळीस बायका उभ्या. खाली मालकाचं नाव लिहिलंय आणि पुढे 'कामगार महिला.' आजी कुठली, हे आई बोट ठेवून सांगते म्हणून कळतं." मग टेप पुन्हा सुरू केली. मी गाडी चालवत होतो.

आता अडचण.

दर दहा मिनिटांनी नवा गट निघायचा. सहा मिनिटं गोष्ट, चार मिनिटं चढ चढायला आणि कलाकाराला दम खायला. हे गणित एका स्टॉपला चुकलं तरी मागचा गट पुढच्यावर येऊन आदळतो. याला आम्ही "बंचिंग" म्हणायचो. ओपनिंगच्या आधीच्या रविवारी पूर्ण तालीम झाली, गावातलीच माणसं प्रेक्षक म्हणून चालली. स्टॉप चार नऊ मिनिटं चालला. मागचा गट चढावर येऊन थांबला आणि त्यांना गोष्टीचा शेवट आधीच ऐकू आला. त्यांच्या मागे तिसरा गट. एका आजोबांनी रस्त्याच्या कडेला बसकण मारली आणि पुढे यायला नकार दिला.

कॅरोलने मला बाजूला घेतलं. नऊची सहा कर म्हणाली, शनिवारच्या आत. कसं करायचं ते तू ठरव.

माझ्या डोक्यात लगेच तोडगा आला. नाटकाच्या धंद्यात त्याला "कॉम्पोझिट" म्हणतात. दोन खऱ्या माणसांची मिळून एक व्यक्तिरेखा करायची. वेळ वाचतो, प्रेक्षकाला एकच नाव लक्षात ठेवावं लागतं. खाणावळ उभी होती, पाटी होती, म्हणून नाव असुंताचं ठेवलं. आता असुंताच स्वयंपाक करते, तीच धुणं धुते, तीच रुमाल दोरीवर टाकते. कॅरोलला मी फोनवर सांगितलं. तिने एवढंच विचारलं की त्या म्हातारीच्या आईचं नाव राहतंय ना. राहतंय, मी म्हणालो. आणि तेव्हा ते राहत होतं. असुंताच्या तोंडी शेवटी एक ओळ ठेवली होती, "माझ्यासोबत माझी धाकटी बहीण होती. नेल्ला फाब्री. तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही, म्हणून मी मोठ्याने घेते."

अश्विनीला हे पटलं नाही. ती म्हणाली, काका, रुमाल असुंताने टाकलेच नव्हते. मी म्हणालो, एकदा ओपनिंग होऊन जाऊ दे, मग बघू. आयटीत तीस वर्षं मी हेच वाक्य वापरलं होतं. तिनेही ते तिच्या मॅनेजरकडून ऐकलेलं असणार. ती हसली आणि तयार झाली. तेरेसाला मी स्वतः फोन करून समजावून सांगतो, असंही मी तिला सांगितलं. तो फोन मी उद्यावर टाकला. मग परवावर.

शुक्रवारी संध्याकाळी तिने मला फोनवरून सगळं म्हणून दाखवलं. मी स्टॉपवॉच लावलं. सहा मिनिटं अकरा सेकंद.

आता आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. अकरा सेकंदांनी काही बिघडलं नसतं. पण कॅरोल सहा म्हणाली होती आणि आकडा सहा दिसत नव्हता. शेवटची ओळ किती वेळ घेते ते मी मोजलं. बरोबर अकरा सेकंद. मी म्हटलं, ही काढू.

तिने गोष्टीतला सूपवरचा विनोद कापायला सांगितला. मी म्हटलं, तिथे हशा येतो, हशाची जागा कापायची नसते. ती म्हणाली, मी भरभर बोलते. मी म्हटलं, मग शब्द कळणार नाहीत.

"काका, तुम्ही त्या आजींना शब्द दिलाय."

"अगं, त्या ऑक्टोबरच्या शेवटी येणार आहेत. तोपर्यंत परत घालू."

मी नवं स्क्रिप्ट मेल केलं, "रिव्हिजन ५, फायनल." फक्त तिलाच. कॅरोलला कॉपी टाकायचं राहून गेलं. "राहून गेलं" असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे टाकलं नाही.

शनिवारी तेरेसा आली. ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत थांबायला ती तयार नव्हती. तिची भाची लॉरा तिला व्हीलचेअरमधून घेऊन आली होती. निळा कोट, केस सेट केलेले, कानात नवं यंत्र. तिसऱ्या गटात होती. मी तिला चौथ्या स्टॉपजवळ पाहिलं तेव्हा अश्विनीचं सुरू झालं होतं. गटातली तेरेसा कोणती हे अश्विनीला माहीत नव्हतं. ती टेपमधला आवाज ओळखत होती, चेहरा नाही.

अश्विनीने सांगितल्याप्रमाणे काम केलं. सहा मिनिटं, बरोबर. सूपवर हशा आला. रुमाल दोरीवर टाकले तेव्हा मागचे लोक पुढे सरकले. तेरेसा पुढे वाकून बसली होती. गोष्ट संपली, टाळ्या झाल्या, लॉराने चेअर पुढे ढकलली. जाता जाता तेरेसाने मला विचारलं की नेल्ला पुढच्या स्टॉपला आहे का. मी घाईत असल्यासारखं केलं आणि वॉकीटॉकी कानाला लावून वर निघून गेलो. वॉकीटॉकीवर कुणीच बोलत नव्हतं.

पाचव्या, सहाव्या, सातव्या स्टॉपलाही ती पुढे वाकूनच ऐकत होती, असं लॉराने नंतर सांगितलं.

वॉक संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी असायची. कलाकार कपडे न बदलताच यायचे, लोकांशी बोलायचे. तेरेसाने मला हाक मारली. कॅरोल शेजारीच होती. अश्विनी दोन पावलांवर कागदी कप घेऊन उभी होती, शाल खांद्यावर.

तेरेसा म्हणाली, "प्रोफेसर, माझी आई कुठे होती?"

तिचा आवाज रागावलेला नव्हता. एखाद्या लग्नात आपलं माणूस आलेलं दिसलं नाही तर आपण विचारतो, तसा होता.

कॅरोल माझ्याकडे वळली. नाव स्क्रिप्टमध्ये आहे ना, तिने विचारलं.

मी म्हणालो, "आहे. आज पहिला शो होता, कलाकार ती ओळ विसरली."

हे बोलायला मला तीन सेकंदही लागले नसतील.

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या फोनमध्ये माझा मेल होता, माझ्या नावाचा, आदल्या संध्याकाळचा. दाखवला असता तर संपलं असतं. पण त्या हॉलमध्ये आम्ही दोघंच आपल्याकडचे होतो आणि मी काका होतो. परक्यांसमोर काकांना खोटं पाडायचं नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मलाही ते माहीत होतं. तिच्याकडे पाहायच्या आधीच मी ते धरून चाललो होतो. हे मला आज सगळ्यात जास्त लागतं.

ती तेरेसाच्या चेअरजवळ गेली आणि गुडघ्यावर बसली.

"आय अ‍ॅम सो सॉरी. मी विसरले."

तेरेसाने तिचा हात हातात घेतला आणि थोपटला. होतं असं, म्हणाली. मग लॉराकडे पाहून म्हणाली की चल, थंडी वाजते आहे.

परतीला गाडी मीच चालवत होतो. हायवेला लागल्यावर मी म्हणालो, त्या वेळी काही सुचलंच नाही गं. ती म्हणाली, "असू दे काका." थोड्या वेळाने विचारलं, "उद्यापासून नाव घालायचं का?" मी म्हटलं, घाल. तिला तेवढंच हवं होतं असं मी समजून घेतलं, कारण ते सोयीचं होतं.

त्या संध्याकाळी मला अजून एक काम होतं. प्रत्येक प्रयोगानंतर स्टेज मॅनेजर "शो रिपोर्ट" लिहितो. किती वाजता सुरू झालं, किती प्रेक्षक, कुठे काय चुकलं. हा कागद फाइलला लागतो आणि डिरेक्टर त्यावरून निर्णय घेते. मी घरी टेबलाशी बसून लिहिलं, "स्टॉप ४. कलाकाराकडून नेल्लाची ओळ सुटली. कुटुंबीय उपस्थित." तोंडून घाबरून गेलेलं एक वेळ समजता येईल. हे मी चहा पिऊन, शांतपणे लिहिलं.

रविवारी अश्विनीने नाव घेतलं. चारही गटांसमोर. वेळ सहा मिनिटं अकरा सेकंद भरली आणि कुठेही बंचिंग झालं नाही.

पुढच्या आठवड्यात कॅरोलने मला सांगितलं की स्टॉप चार ती दुसऱ्या मुलीला देते आहे. गोष्टी ज्यांच्या घरच्या आहेत त्यांच्यासमोर नाव सुटणं तिला चालणार नव्हतं. तिच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, पण मुलगी गुणी आहे. कॅरोल म्हणाली, आहेच, पुढच्या वर्षी बघू. अश्विनीला मीच कळवलं. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, तसंही मला जमलं नसतं, ती म्हणाली. मी ते उचललं आणि सगळ्यांना तेच सांगू लागलो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सीझन संपल्यावर, मी तेरेसाकडे गेलो. सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. गाडीत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

तिने दार उघडताच विचारलं, "तुम्ही तिला रागावलात का?"

मी विचारलं, कुणाला.

त्या मुलीला, ती म्हणाली. मग खुर्चीत बसून तिने सगळं सांगितलं. अश्विनी लॉराचा नंबर मिळवून एका बुधवारी तिच्याकडे आली होती. शाल घेऊन. ऑफिसातून सुट्टी काढून. खालच्या डायनिंग रूममध्ये तिने दोन खुर्च्यांना दोरी बांधली, रुमाल टाकले आणि नऊ मिनिटांची पहिली गोष्ट पूर्ण केली. असुंता वेगळी, नेल्ला वेगळी. जेवायला बसलेले दहा-बारा म्हातारे ऐकत होते. एकाने मध्येच मीठ मागितलं, त्याला तेरेसाने गप्प केलं. नेल्ला फाब्री हे नाव तिने तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा एवढ्या मोठ्याने की स्वयंपाकघरातला माणूस बाहेर आला.

"नव्वद वर्षांत आईचं नाव मी दुसऱ्याच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं," तेरेसा म्हणाली. "एकदा विसरली म्हणून पोर एवढ्या लांब आली. त्यानंतरही येते. तिला रागावू नका, प्रोफेसर. मी तिला माफ केलंय."

जे तिने केलंच नव्हतं त्याची माफी तिला मिळाली होती आणि ती तिने घेतली होती. मी समोर बसलो होतो. तेरेसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की त्यात मध्येच माझं खरं कुठे ठेवावं हे मला कळेना. तिच्या आनंदासाठी गप्प बसलो, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. अर्धं ते होतं. अर्धी लाज होती. मी दोन पिझेले खाल्ले आणि निघालो.

पुढच्या सीझनला मी कॉम्पोझिट काढून टाकलं. नेल्लाला वेगळा स्टॉप दिला, त्या चार दगडांजवळ. कॅरोलने लगेच होकार दिला. म्हणजे आदल्या वर्षीही मागितला असता तर मिळाला असता. पण अश्विनी तोपर्यंत टेक्ससला, शुगर लँडला बदलून गेली होती. तेरेसा त्र्याण्णव पुरी करून गेली. त्याच्या आधी दोनदा तिने नवा स्टॉप ऐकला. नाव आलं की ती चेअरमधून मान हलवायची, हजेरी घेतल्यासारखी.

यंदा सोसायटीत नवा डिरेक्टर आला. जुने शो रिपोर्ट स्कॅन करायचे म्हणून त्याने मला बोलावलं. चार खोकी होती. तो कागद मला लगेच सापडला, कारण कुठे असेल हे मला माहीत होतं. मी त्याच्या खाली लिहिलं, "वरील नोंद चुकीची आहे. कलाकाराकडून ओळ सुटली नाही. ओळ स्टेज मॅनेजरने आदल्या संध्याकाळी काढली होती आणि विचारल्यावर खोटं सांगितलं." सही केली. नव्या डिरेक्टरने वाचलं, ओके म्हणाला आणि स्कॅनरमध्ये घातलं.

कॅरोल आता फ्लोरिडाला असते. तिलाही लिहिलं. तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, दोन ओळींचं. कळवलंस ते बरं केलंस. त्या आठवड्यात कळवलं असतंस तर मी तिला जाऊ दिलं नसतं.

धंद्यातल्या लोकांसाठी धडा साधा आहे. शो रिपोर्ट त्याच दिवशी खरा लिहावा. सहा वर्षांनी दुरुस्त केलेला रिपोर्ट फाइलला उपयोगी पडतो. ज्याचं काम गेलं त्याला नाही.

गेल्या रविवारी अश्विनीला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. तिने पहिल्याच रिंगला उचलला. काकूंचा गुडघा कसा आहे विचारलं. तिकडचा उकाडा सांगितला. मुलीला आता मराठी कळतं पण ती उत्तर इंग्रजीत देते, ही तक्रार केली. कुठे काही नाटक करतेस का, मी विचारलं. नाही काका, त्यानंतर नाही जमलं, ती म्हणाली. मी समोरचा कागद सरळ केला. मागे तिच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

"बोला ना काका. काही काम होतं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "सहज केला होता."